जॅक, ठोकळे आणि दोन मामा

भुईंज मागे पडलं आणि गाडीच्या पोटातून ‘थाड्’ असा आवाज आला. ड्रायव्हर आरशात न बघताच म्हणाला, “पाटा गेला.” सांगलीहून वाशीला निघालेली हळद, पन्नास किलोची दोनशे पोती, म्हणजे दहा टन माल आणि हप्त्यावरची सहाचाकी. त्या फेरीला मीही केबिनमध्ये होतो. स्प्रिंगचा पाटा तुटून डावीकडे बसलेली गाडी रांगत रांगत सुरूर फाट्याजवळच्या एका गॅरेजपर्यंत आणली. गॅरेज म्हणजे चार पत्रे, एक बाभूळ आणि तेल पिऊन काळा पडलेला मुरूम.

वाईला माझे मामा राहतात. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये उभं आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांना फोन केला तो खरं तर मामीच्या हातचा डबा मिळेल या आशेने. डबा आला, पण मामा तो स्कूटरलाच अडकवून तडक गाडीकडे गेले. तोवर मिस्त्रींचं काम सुरू झालं होतं. मागच्या चाकाच्या पुढे चासीला जॅक लागला होता आणि सतरा-अठरा वर्षांचा एक पोरगा पोत्यावर पाठ टेकून अर्धा आत सरकला होता. बाहेर गुडघे आणि एक चप्पल तेवढी दिसत होती. दुसरी चप्पल जॅकच्या बुडाशी पडलेली.

मामा : ए बाळा, बाहेर ये आधी.

मिस्त्री : तुमी कोण?

मी : माझे मामा. एस.टी.त हेड मेकॅनिक होते.

मिस्त्री : मग बसा की मामा. च्या सांगतो. पोरगं ईल बाहेर, यू-बोल्ट सैल झालं की.

मामा : यू-बोल्ट सैल व्हायच्या आधी येऊ दे.

“मामा, येऊ का?” गाडीखालून आवाज आला. तो माझ्या मामांना नव्हता. पोरगा मिस्त्रींचा सख्खा भाचा निघाला. पुढचे तीन तास त्या मुरमावर दोन मामा होते, आणि कुणी ‘मामा’ म्हटलं की दोघंही वळून बघत.

मी त्या वेळी कुणाच्या बाजूने होतो ते सांगून टाकतो. मिस्त्रींच्या. पहाटे वाशीच्या बाजारात माल लागला पाहिजे म्हणून मीच तासाभरात दोनदा “किती वेळ?” असं विचारलं होतं.

मामा : गाडी आत्ता कशावर उभी आहे?

मिस्त्री : जॅकवर. वीस टनी हाय. अख्ख्या गाडीचं पासिंग साडेअठरा टनाचं. त्यातला एका बाजूचा मागचा भार पाच टन धरा. किती पटीनं जास्त झाला?

मामा : चौपट. पण वीस टन उचलीन असं लिहिलंय त्यावर. तासभर धरून ठेवीन असं कुठं लिहिलंय? आत काय आहे हो जॅकच्या?

मिस्त्री : तेल.

मामा : आणि तेलाला कोण अडवतं?

मिस्त्री : वॉशर.

मामा : केवढा?

मिस्त्रींनी अंगठा आणि तर्जनी जोडून गोल दाखवला. मग आपल्याच हाताकडे बघून तो पाठीमागे घेतला.

या वॉशरची गोष्ट जॅकइतकीच जुनी आहे. जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने तेलाच्या नव्हे, पाण्याच्या दाबावर चालणारा प्रेस तयार केला आणि १७९५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कल्पना पक्की होती, पण दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी गळे. त्यावर तोडगा काढला तो त्याच्याच कारखान्यातल्या हेन्री मॉडस्लेने, असं मानतात. त्याने चामड्याची वाटीसारखी कड बसवली. पाणी जितका जोर करेल तितकी ती कड भिंतीला जास्त चिकटायची. आज चामड्याच्या जागी रबर आलं, पाण्याच्या जागी तेल आलं, पण पाच टन आणि माणसाची छाती यांच्यामध्ये अजूनही तीच कड आहे. तिच्यावर एक ओरखडा पडला, तेलात वाळूचा कण गेला, की तेल वाट काढतं. बहुतेक वेळा सावकाश. दर वेळी सावकाशच काढेल असं मात्र नाही.

मिस्त्री : आवं पण मामा, तीस वरसं झाली मला. एकदा तरी जॅक बसला का?

मामा : ज्यांच्यावर बसला ते कुठं सांगायला येतात?

हे मला जरा लागट वाटलं. मिस्त्रींनाही वाटलं असावं. ते उठले, पत्र्याला टेकवलेली लोखंडी घोडी उचलून आणली आणि मामांच्या पायाशी आपटली.

मिस्त्री : ही घ्या घोडी. न्हाय असं न्हाय. लावू? तीन पाय, टोकं बघा कशी हायेत. पाच टन आलं की मुरमात भोकं पाडून खाली जाईल. एक पाय आदी गेला की आडवी. तुमच्या डेपोत खाली काँक्रीट आन् मधी खड्डा. हितं काय हाय?

मामांनी घोडी उलटी करून पाय पाहिले. बुटाच्या टाचेने मुरूम उकरून पाहिला. मग म्हणाले, “ह्यात तुमचं बरोबर आहे.” एस.टी.बाहेरच्या माणसाला त्यांनी हे वाक्य म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

मामा : मग ठोकळ्यांवर घेऊ. आहेत का?

ठोकळे होते. बाभळीचे, आणि रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे कापलेले तुकडे. पोरगा उत्साहाने कुंपणाजवळचा सिमेंटचा पोकळ ब्लॉकही उचलून आणू लागला. “तो नको,” दोन्ही मामा एकदमच ओरडले.

मिस्त्री : इटेवर आन् ब्लॉकवर म्या कदी गाडी ठिवली न्हाय. लाकूड दबतं, कुरकुरतं, माणसाला कळतं. ब्लॉक एकदम फुटतो. आवाज येतो तवर गाडी खाली.

मामा : हे तुम्हाला कळतं, मग जॅकचं का कळत नाही?

मिस्त्री : कळतं सगळं. टायम कुठं हाय?

मामांनी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मुरमावर हिशेब मांडला. मला वाटलं होतं, मिस्त्री कंटाळतील. ते उकिडवे बसून बघत राहिले. जॅकचं बूड सहा इंच बाय सहा इंच, म्हणजे छत्तीस चौरस इंच. त्यावर पाच हजार किलो. दर चौरस इंचाला एकशे चाळीस किलोच्या आसपास. माणूस एका पायावर उभा राहिला तर त्याच्या तळव्याखाली जेवढा दाब पडतो, त्याच्या निदान पन्नासपट. म्हणून जॅक मुरमात रुततो, आणि सरळ रुतत नाही, एखाद्या कोपऱ्यावर रुततो. खाली दीड फूट बाय दीड फुटाची जाड फळी टाकली की जागा नऊपट झाली, दाब नवव्या हिश्श्यावर आला.

मिस्त्री : फळी मोडली तर?

मामा : दोन इंच जाड घ्या. आणि बाकदार नको.

दुसरी गोष्ट मामांनी हिशेबाने नाही, हाताने दाखवली. तळहात आडवा धरून त्याची एक कड वर केली. गाडी एका बाजूने उचलली की ती सरळ वर जात नाही, पलीकडच्या चाकांवर कलते. त्यामुळे चासी वर जाता जाता थोडी आतही सरकते. जॅकचं डोकं तिच्याबरोबर सरकतं, बूड जागेवरच राहतं. सरळ लावलेला जॅक शेवटी तिरका दिसतो तो लावणाऱ्याच्या चुकीने नव्हे. म्हणून एका दमात उचलायचं नाही. तीन-चार इंच उचलायचं, ठोकळे भरायचे, भार त्यांच्यावर सोडायचा, जॅक काढून पुन्हा सरळ लावायचा. आणि लोखंडावर लोखंड घसरतं, त्यात चासीवर ग्रीस, म्हणून जॅकच्या डोक्यावर लाकडाची चकती.

ड्रायव्हर इतका वेळ टायरला टेकून मोबाइल बघत होता. त्याला वाटलं, आपणही काही बोलावं.

ड्रायव्हर : गाडी गिअरमध्ये हाय, हँडब्रेक वडलाय. कुठं जातीय?

उत्तर मामांनी दिलं नाही, मिस्त्रींनी दिलं.

मिस्त्री : हँडब्रेक कुठल्या चाकांना हाय? मागच्या. आन् मी मागच्याच एक्सलचं यू-बोल्ट खोलणार. डाव्या अंगानं एक्सल मोकळा झाला, की चाकं धरून काय उपेग? आन् गिअरचं मला सांगू नको. एका टेम्पोचं मागचं एकच चाक उचलल्यालं, हँडब्रेकची केबल तुटल्याली, गिअरात टाकून ठिवला हुता. निघाला की पुढं! वरचं चाक हवेत उलटं फिरतंय, खालचं सुलटं चाललंय. डिफ्रन्शल असतंय त्ये. जॅक आडवा, ड्रम जमिनीत.

मामा : खाली कोण होतं?

मिस्त्री : कोण न्हवतं. मी पाना आणाय गेलतो.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून उटी लागली. दगडाची नव्हे, उतरत्या कापाच्या लाकडाची, मिस्त्रींनी स्वतः हातोड्याने ठोकून बसवलेली. मामांनी ड्रायव्हरसमोर हात पसरला आणि गाडीची चावी घेऊन शर्टाच्या खिशात टाकली. ड्रायव्हरला ते अपमानासारखं वाटलं. पण खाली माणूस असताना वर दुसऱ्याने येऊन स्टार्टर मारणं हे मामांनी दोनदा पाहिलं होतं, आणि दोन्ही वेळा मारणाऱ्याचा हेतू चांगलाच होता. एकाला हवा भरून ठेवायची होती, दुसऱ्याला गाडी सावलीत घ्यायची होती.

वाद मिटला असं मला वाटलं, पण मिस्त्री हटायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, ठोकळे शेवटी लावूच, पण जॅकला एवढं बदनाम करायचं कारण नाही. मामा म्हणाले, ठीक आहे, जॅकलाच विचारू. फळीवर जॅक लावून चासी उचलली. ठोकळ्यांची चवड रचली, दोन आडवे, त्यांवर दोन उभे, चौकटीसारखी, आणि चासी व चवड यांच्यामध्ये दोन बोटं जागा ठेवली. भार सगळा जॅकवर. खाली कुणी नाही. मग मामांनी बाभळीची काडी तोडली, जॅकच्या गळ्यापासून डोक्याखालपर्यंतच्या मापाची केली, अडकवून पाहिली, परत काढून खिशात ठेवली, आणि आम्ही सगळे समोरच्या टपरीवर गेलो.

चहाला बसल्यावर मिस्त्री खुलले. मामांना म्हणाले, तुम्हाला पगार ठरलेला होता, गाडी आज निघो की उद्या. मला गाडी निघाली तरच पैसे, आणि उशीर केला की गिऱ्हाईक पुढच्या गॅरेजला. यावर मामांकडे उत्तर नव्हतं. एस.टी. सुरू झाली १९४८ मध्ये, आणि योगायोगाने कारखाना कायदाही त्याच सालचा. त्या कायद्याने जागेला कारखाना म्हणायचं तर मुळात, वीज असली तरी, किमान दहा कामगार लागत. मिस्त्रींकडे वीज होती. माणसं दोन, त्यातला एक भाचा. म्हणजे डेपोतला खड्डा, दिवे, सुपरवायझरची वही हे सगळं कायद्याच्या अलीकडे, आणि सुरूर फाट्यावरचा मुरूम पलीकडे. त्या पोराच्या अंगावर येणारी गाडी मात्र दोन्हीकडे सारख्याच वजनाची. हे मी मनात म्हणालो, उघड नाही. कारण मिस्त्रींच्या घाईतला निम्मा भाग माझा होता.

मामा : निम्मी कामं तर न उचलता होतात. ट्रकखाली माणूस तसाच जातो. ग्रीसिंग करा, सेंटर बेअरिंग बघा, नट आवळा. चाकं जमिनीवर, उटी लावलेली, चावी खिशात. उचलायची कशाला?

मिस्त्री : ते आमीबी तसंच करतो. उगं कोण जॅक मारत बसतंय? पाट्याला इलाज न्हाय म्हणून.

मामा : मग आणखी एक. बसवाले येतात का तुमच्याकडे? ते हवेच्या फुग्यांवरचे?

मिस्त्री : येत्यात. मी हात लावत न्हाय.

मामांनी पेला खाली ठेवून ऐकून घेतलं. एअर सस्पेन्शनच्या बसमध्ये पाट्यांऐवजी रबरी फुगे असतात. हवा भरलेली असते तोवर बस उंच. पण एखादी नळी निघाली की अख्खी बॉडी खाली बसते, तीही चाकं जमिनीवर असताना. जॅक कुठेच नसतो, म्हणून माणूस निर्धास्त जातो. तिथे चासीखाली टेकू दिल्याशिवाय डोकंसुद्धा घालायचं नाही, हा डेपोतला नियम मामांनी सांगितला. मिस्त्री मान हलवत राहिले, आणि मग त्यांनी स्वतःहून हायवाचा, म्हणजे टिपरचा, विषय काढला.

इथे मात्र उलटं झालं. टिपरच्या बाबतीत मिस्त्री मामांहून कडक निघाले. पोरसवदा असताना ते ज्या ठिकाणी काम शिकत होते, तिथे एका टिपरची बॉडी वर उचललेली होती आणि खाली एक जण तेलाचा पाइप बदलायला वाकला होता. बॉडी रिकामी होती, म्हणून टेकू लावला नाही. पाइपचा नट सुटला तसं तेल उडालं आणि बॉडी आली. मिस्त्रींनी एवढंच सांगितलं. पुढे म्हणाले, “तवापासनं टिपर आला की मी आदी खांब लावतो. मालक वरडू दे न्हायतर जाऊ दे.”

मामा : आणि जॅक?

मिस्त्री : जॅकखाली कोण मेल्यालं मी बघितलं न्हाय.

किती सरळ उत्तर. माणूस पुस्तकातल्या धोक्याला भीत नाही, पाहिलेल्या धोक्याला भितो. मीही कर्जाचा हप्ता चुकायला जितका भितो तितका खड्ड्यांना भीत नाही.

परत आलो तर वीसेक मिनिटं झाली होती. मामांनी काडी काढली आणि जॅकच्या गळ्याशी धरली. बसेना. काडी नखाएवढी मोठी झाली होती, म्हणजे जॅक तेवढा खाली आला होता. गळ्याभोवती तेलाची बारीक चकाकी. मिस्त्रींनी काडी हातात घेतली, उलटी करून लावून पाहिली, जणू दुसऱ्या टोकाने बसेल.

मिस्त्री : वॉशर बदलायचा हुताच.

मामा : वीस मिनिटांत नखभर. यू-बोल्ट, शेकल पिन, नवा पाटा, सगळं व्हायला किती लागतो?

मिस्त्री : दीड तास.

पण मामांचा विजय फार टिकला नाही. भार चवडीवर सोडला तर चवडीचा एक कोपरा मुरमात अर्धा इंच गेला आणि वरचे ठोकळे कलले. मिस्त्रींनी काहीच म्हटलं नाही, नुसतं बोट दाखवलं. जॅकखाली फळी घातली होती, ठोकळ्यांखाली घालायची दोघांनाही सुचली नव्हती. चासी पुन्हा उचलली, चवड काढली, खाली स्लीपरचे दोन लांब तुकडे जोडून टाकले, त्यांवर नवी चवड. शिवाय मिस्त्रींच्या पद्धतीप्रमाणे स्टेपनी चासीखाली आडवी सरकवली. मामा आधी तिला नाक मुरडत होते. मग म्हणाले, असू दे, भार घ्यायला नाही, पण सगळंच फसलं तर माणसापुरती फट राहील.

मालाचं काय, हा वाद तेवढ्यात निकालात निघाला. मामांना सगळा माल उतरवून हवा होता. मिस्त्रींना काहीच नको होतं. टपरीवरचे दोघं हमालीला तयार झाले आणि मागच्या डाव्या अंगाची चाळीस पोती, म्हणजे दोन टन, थप्पीवरून पुढे रचली गेली. हमाली मी दिली. माझ्या खिशातून त्या दिवशी गेलेले सगळ्यात बरे पैसे.

भार ठोकळ्यांवर बसला, जॅक नुसता टेकून उभा राहिला. पोरगा पोतं घेऊन पुढे झाला, तेव्हा मामांनी त्याला थांबवलं आणि मिस्त्रींना खूण केली. दोघांनी फाळक्याला खांदा लावून गाडी जोराने ढकलली. एकदा, दोनदा. पाट्यांतून कर्र आवाज आला, चवड हलली नाही. मग मिस्त्री भाच्याला म्हणाले, “जा आता. आन् चप्पल घाल दुसरी.”

काम दीड नाही, दोन तास चाललं. तुटलेला पाटा बाहेर आला तेव्हा सेंटर बोल्टच्या भोकापाशी त्याचा तुटका चेहरा दिसला. अर्धा भाग जुना, गंजलेला, अर्धा ताजा चकचकीत. म्हणजे चीर कधीची पडलेली होती, आज फक्त निकाल लागला. नवा पाटा बसला, यू-बोल्ट आवळले गेले. वाशीला पोचल्यावर ते पुन्हा आवळून घे, नवे पाटे बसतात आणि बोल्ट ढिले पडतात, असं मामांनी मला दोनदा बजावलं. उतरवताना मिस्त्रींनी आधी भाच्याला, मग पाने, टॉमी, कंदील बाहेर घेतले, खाली वाकून एकदा पाहिलं आणि जॅकचा व्हॉल्व्ह हळूहळू सोडला. गाडी सहाही चाकांवर नीट बसली. मामांनी अंधार पडायच्या आत वाई गाठायची म्हणून स्कूटर काढली. मिस्त्री त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला गेले.

मी पैसे मोजून दिले. ड्रायव्हर केबिनमध्ये चढला, आणि तसाच खाली उतरला.

“मालक, चावी?”

फोन लावला. मामा वाईच्या वेशीपाशी पोचले होते. मागे वाऱ्याचा आवाज, आणि मग खिसा चाचपल्यासारखी शांतता.

“आहे, आहे,” मामा म्हणाले. “येतो घेऊन. पण मला सांग, एवढ्या वेळात गाडी कुणी सुरू केली का?”

फोन स्पीकरवर होता. मिस्त्री बाभळीखाली काडी दातात धरून बसले होते. तीच मापाची काडी. म्हणाले, “इचारा त्यास्नी, च्या सांगू का पुन्यांदा?”